वैरागची रिंग

शुभदा मॅडमनी टेबलावर मडकं ठेवलं तेव्हाच मला ते खटकलं.

नवंकोरं, तांबडं मडकं. तोंडाला वर्तमानपत्र ताणून बांधलेलं आणि त्याला हात जाईल एवढं भोक. शनिवारची पालकसभा होती. पाचवीच्या वर्गात आम्ही सगळ्या आया पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो होतो आणि पोरं भिंतीला टेकून उभी होती, आपापल्या आईकडे बघून हसत.

"आम्ही आठवड्यातून एक व्यवहार तास घेतो," मॅडम सांगत होत्या. "पुस्तक बंद. मुलं करूनच शिकतात."

शुभदा मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील, किंवा थोड्या लहानच. खिडकीखाली त्यांनी वर्गाचं दुकान मांडलं होतं. चिंचोके हे वर्गाचं चलन. एका पोरानं पेन्सिलींना टोक करून द्यायचा धंदा काढला होता, तर शेजारच्या बाकावरच्यानं तेच काम निम्म्या भावात सुरू केलं. मग दोघं डबा खाताना एक झाले आणि त्यांनी भाव दुप्पट केला. हे ऐकून आम्ही सगळ्या हसलो. चिंचोक्यांची भिशी होती. भिशी आधी उचलून मग हप्ता बुडवणाऱ्या मुलाला वर्गानं काय शिक्षा द्यायची, यावर म्हणे अख्खा तास भांडण झालं होतं. मला हे सगळं आवडत होतं, खरंच आवडत होतं. मी बी.कॉम. आहे. आमच्या वेळी असं कुणी शिकवलं असतं तर, असंही मनात आलं.

आणि मग ते मडकं आलं.

"प्रत्येक गट म्हणजे एक घर," मॅडम म्हणाल्या. "घरानं महिनाभर चिंचोके कमवायचे, खर्चायचे, जमलं तर बाजूला टाकायचे. आणि शेवटी मडक्यात हात घालायचा. जी चिठ्ठी येईल ती त्या घरानं झेलायची."

पहिल्यांदा जोयानं हात घातला. जोया म्हणजे आमच्या खाली राहणाऱ्या फिरदोसची मुलगी. "टेम्पो बंद पडला," तिनं मोठ्यानं वाचलं आणि सगळा वर्ग खिदळला, कारण तिच्या अब्बांचा, मोईनभाईंचा, खराच टेम्पो आहे. फिरदोस माझ्या कानाशी कुजबुजली, "आज घरी जाऊन त्यांना सांगते, पैले टायर बदला."

मग माझी गिरिजा पुढे झाली. हात कोपरापर्यंत आत घातला, चिठ्ठी उघडली आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात वाचली, "घरातल्या कमावत्या माणसाशी दिवसभर संपर्क नाही."

मी बाकावरून उठलेच. "मॅडम, एवढ्या लहान मुलांना असलं कशाला? चिठ्ठी बदलून नाही का घेता येणार?"

"अहो ताई, संपर्क नाही एवढंच आहे," त्या हसून म्हणाल्या. "आणि हीच गोष्ट घरी सगळ्यांनी मिळून करून बघायची आहे. एक दिवस. फोन कुणाला करायचा, कागद कुठे असतात, गॅस कुणाच्या नावावर आहे. पाचला खेळ संपला. मुलं येऊन सांगतील काय काय सापडलं."

माझ्या डोळ्यांपुढे मात्र मडकंच होतं. मडकं पुढे धरून माणसं कुठे जातात ते सगळ्यांना माहीत असतं. ते वर्गात आणून ठेवायची काय गरज होती? डबा चालला नसता का, पत्र्याचा?

आमच्या घरात काही गोष्टी बोलत नाहीत. माझ्या सासूबाई, अक्कम्मा, त्यांना मी अत्ती म्हणते, त्यांनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "घरात वंगाळ बोलू नये ग पोरी. वास्तू ऐकत असती. तथास्तु म्हनती." माझ्या आईनंही हेच सांगितलं होतं, फक्त कमी जोर देऊन. बाहेर पडताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. तेल संपलं म्हणायचं नाही, आणायला झालंय म्हणायचं. विम्याची तत्त्वं मला परीक्षेत पाठ होती, त्यात मला चांगले गुण होते. पण आमच्या ह्यांचा, रेवणचा, मित्र बिरप्पा विम्याचे कागद घेऊन घरी आला आणि "वहिनी, समजा उद्या रेवणला काही..." असं म्हणाला, तेव्हा मी आत जाऊन मिक्सर लावला. शेंगाचटणी करायला घेतली. तो बोलत राहिला आणि मी शेंगदाणे फिरवत राहिले, पार तेल सुटेपर्यंत. रेवणनं सही केली की नाही, कागद कुठे ठेवले, मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. पुढे ते घरात थट्टेचंच झालं. असलं काही बोलणं निघालं की रेवण गिरिजाला म्हणायचा, "गप, नाहीतर आई मिक्सर लावेल."

रेवण एका साबण-बिस्किटांच्या एजन्सीत आहे. रोज वेगळी लाइन. सोमवारी वळसंगकडची, मंगळवारी अक्कलकोटची, गुरुवारी बार्शीची. मोटरसायकलवर जायचं, दुकानादुकानातून ऑर्डर घ्यायची, दिवेलागणीला परत. बार्शीचा रस्ता लांबचा, उसाच्या ट्रॉल्यांचा. म्हणून लग्न झाल्यापासून आमचं ठरलेलं आहे: गुरुवारी वैरागला पोचला की तो चहाच्या गाड्यावरून एक रिंग देतो आणि कट करतो. मी उचलत नाही. उचलायचा नसतोच तो. ती एक रिंग वाजली की माझा जीव भांड्यात पडतो आणि मी भाकरीला बसते.

त्या गुरुवारी रिंग आली नाही.

आधी वाटलं, उशीर झाला असेल. मग वाटलं, मीच मोरीत होते, ऐकू आलं नसेल. फोन बघितला, काही नव्हतं. मी लावला. बाई इंग्रजीत, मग मराठीत बोलली, की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता त्यांचा फोन बंद आहे. बंद. रेवणचा फोन कधी बंद नसतो. दुकानदार दिवसभर फोन करतात, तो खिशात जास्तीची बॅटरी घेऊन हिंडतो.

मी भाकरी केल्या. एक करपली. अत्ती खाटेवरून म्हणाल्या, "आला का ग रेवण्याचा?"

"येईल की अत्ती."

गिरिजाची सकाळची शाळा. दुपारी ती आली, हातपाय धुतले, ताटावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी बघितलं की खाली बघायची. ही पोर अशी गप्प कधी जेवत नाही.

"आई, अप्पांचा फोन लागला नाही तर तू काय करशील?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आणि त्याच क्षणी ट्यूबलाइटच्या मागून पाल चुकचुकली.

मी फरशीवर बोटं आपटली. अत्ती "शिवा शिवा" म्हणाल्या आणि गिरिजावर ओरडल्या, "सुम्न कुंदर! गप बस. जेवताना काय बोलायलीस?"

"आज्जी, विचारतेय नुसतं. आई, कुणाला फोन करशील? अप्पांच्या शेटचा नंबर आहे तुझ्याकडे? त्यांच्या गाडीचे कागद कुठे असतात?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात ठेवला. तिच्या ओठाला लागलेलं कालवण माझ्या तळव्याला लागलं. "बोलू नकोस," मी म्हणाले. "एक शब्द बोलू नकोस."

कारण शेटचा नंबर माझ्याकडे नव्हता. सगळे नंबर रेवणच्या फोनमध्ये होते आणि तो फोन बंद होता. तिनं विचारेपर्यंत हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. आता ते अंगावर आलं, एकदम, गार पाण्यासारखं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट मनात आली, ती मी कुणाला सांगू शकत नव्हते: हे हिनं बोलून झालंय. शनिवारी मडक्यातून काढलं, मोठ्यानं वाचलं, आता घरात बोलली, आणि झालं.

स्वतःच्या लेकीबद्दल असा विचार. पण आला तो आला.

मी पुन्हा फोन लावला. पुन्हा लावला. मग पायऱ्या उतरून फिरदोसकडे गेले. ती मशीनवर बसून परकर शिवत होती. माझं तोंड बघून उठलीच.

"काय गं? पांढरी फट्ट पडलीस."

"वैरागची रिंग नाही आली. फोन बंद येतोय."

"अगं, चार्जिंग संपलं असेल."

"त्याचं संपत नाही."

"मग पडला असेल कुठं. फोन गं, फोन!" माझा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली. "माणूस नक्को पडायला. तौबा. बस, पाणी पी."

तिनं मोईनभाईंना फोन लावला. ते माल घेऊन पुण्याकडे गेलेले, त्यांना काय माहीत. म्हणाले, बार्शी रोडला आज काही ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे झालं नाही असं थोडंच असतं?

मी वर आले तर अत्तींनी गिरिजाला भिंतीशी उभं केलं होतं आणि मीठमोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन तिच्या तोंडावरून उतरवत होत्या. तिच्या अंगावरून नव्हे, फक्त तोंडावरून. त्यांनाही तेच वाटत होतं. गिरिजा डोळे मोठे करून उभी. मिरच्या गॅसवर टाकल्या. ठसका कुणालाच आला नाही. अत्ती माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लई मोठी दिष्ट हाय ग. वासच न्हाय सुटला."

मग मी कपाट उघडलं. का उघडलं, माहीत नाही. बार्शीच्या दवाखान्यांचे नंबर काही तिथे नव्हते. पण काहीतरी शोधायला हवं होतं. साड्यांखालून पिशव्या काढल्या, त्यातून लग्नाचे फोटो निघाले, गिरिजाच्या लसीचं कार्ड निघालं, जुना रेडिओ निघाला. मी सगळं फरशीवर ओतत गेले आणि मध्येच मला दिसेनासं झालं. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला असा आवाज येत होता की कुणीतरी धापा टाकतंय. ती मीच होते.

"आई," गिरिजा मागून म्हणाली. "आई, रडू नकोस ना. खेळ आहे तो."

मी वळले.

"अप्पांनी मुद्दाम बंद केलाय. चिठ्ठीचा गृहपाठ आहे. पाचला चालू करून लगेच फोन करणार आहेत. तू रडलीस तर सांगायचं ठरलेलं." ती भराभरा बोलत होती. "मॅडम म्हणाल्या होत्या सगळ्यांनी मिळून करा. पण अप्पा म्हणाले, आईला सांगितलं तर ती मिक्सर लावेल. म्हणून नाही सांगितलं."

मी खाली बसले. कपड्यांच्या ढिगातच बसले.

आधी तर मला एवढं हलकं वाटलं की मी हसले. मोठ्यानं हसले. मग उठून तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला जवळ ओढलं. ती रडायला लागली, मी हसत होते, आणि अत्ती खाटेवर बसून "काय झालं? कुणी सांगा की मला!" म्हणत होत्या. सांगितल्यावर म्हणाल्या, "येऊ दे त्या रेवण्याला. बापाचं वय झालं न्हाय, पोराचं झालंय त्याचं."

फिरदोस वर आली, ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "असं हाय काय! थांब. पाचला फोन आला की मला दे. पैले मी बोलणार. असं बोलते की बार्शीतनं चालत येईल."

मी शुभदा मॅडमना फोन लावला, भांडायलाच. त्या बिचाऱ्या हादरल्या. "ताई, मी तर सगळ्यांनी मिळून म्हटलं होतं. लपवून करा असं कधीच..." मी म्हटलं, माहीत आहे, आमच्या घरचंच आहे ते. आणि फोन ठेवला. त्यांच्यावर ओरडण्यासारखं काही नव्हतं.

चहा झाला. फिरदोसनं जोयालाही वर बोलावलं. दोघी पोरी दारात बसून चिंचोके खेळायला लागल्या. मी कपाट परत भरत होते आणि मनातल्या मनात रेवणला काय काय बोलायचं ते जुळवत होते. फोन समोर स्टुलावर ठेवला होता.

पाच वाजले.

फोन वाजला नाही.

"घड्याळ पुढे असेल तुझं," फिरदोस म्हणाली.

थोडा वेळ गेला. मी लावला. बंद.

"बोलत असेल दुकानदाराशी. विसरला असेल. हे पुरुष..." ती बोलता बोलता थांबली. जोयानं चिंचोके खाली ठेवले. मी गिरिजाकडे बघितलं, आणि गिरिजाचा चेहरा बघून माझा उरलासुरला धीर गेला. दुपारी माझी अशी अवस्था होती आणि ही शांत होती, कारण हिला माहीत होतं. आता हिला माहीत नव्हतं.

"अप्पा म्हणाले होते पाच म्हणजे पाच," ती म्हणाली.

सव्वापाच झाले, साडेपाच झाले. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. अत्ती विभूती लावून डोळे मिटून बसल्या. दुपारची भीती मला आता हवीशी वाटत होती. तिला निदान शेवट होता.

गिरिजा माझ्याजवळ आली. एकदम हळू, की बाकीच्यांना ऐकू जाऊ नये, म्हणाली, "आई, मी बोलले म्हणून झालं का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ओठाच्या कडेला अजून मिठाचा खडा चिकटला होता.

"नाही," मी म्हणाले. पण आवाज कापला. आणि तिनं ते ऐकलं. मला कळलं की तिनं ऐकलं.

"चल," मी म्हणाले. "फिरदोस, गाडी काढ."

एजन्सी मार्केट यार्डाच्या मागे आहे एवढं मला ठाऊक होतं. फिरदोसच्या स्कूटीवर मध्ये गिरिजा, मागे मी. फिरदोस एका हातानं पदर आवरत, एका हातानं हॉर्न देत अशी चालवत होती की एरवी मी डोळे मिटले असते. त्या दिवशी मी म्हणत होते, अजून जोरात.

शटर अर्धं खाली होतं. आत सतीश म्हणून एक मुलगा ऑर्डरी लिहून घेतो, तो खोकी मोजत होता. मी कोण ते सांगितलं. "वहिनी, रेवणदादा अजून आले नाहीत. येतील की," तो म्हणाला.

"बार्शी लाइनच्या दुकानदारांचे नंबर आहेत?"

"हायत की. भिंतीवर."

"मला लावून द्या."

"तुमच्या नंबरावरनं कोण उचलणार? ह्याच्यावरनं लावा," म्हणून त्यानं टेबलावरचा एजन्सीचा फोन माझ्यापुढे सरकवला. "हा नंबर बघून सगळे उचलत्यात. शेट ओरडतोय का म्हणून घाबरतात."

पहिला वैरागचा किराणावाला. "व्हय, रेवणअण्णा आले होते की सकाळी. चहा पिला, गेले." म्हणजे वैरागपर्यंत तो होता. दुसरं दुकान रस्त्यातल्या गावातलं. "न्हाय बा, आज आले न्हायत हितं." मी लगेच पुढचा नंबर लावला. तिसरं, बार्शीच्या वेशीजवळचं. तिथे एक बाई बोलली, म्हणाली मालक झोपलेत. मी म्हटलं उठवा. उठवलं. मालक म्हणाले आठवत नाही, दिवसभर किती सेल्समन येतात. आठवत नाही! सतीश नंबर दाखवत होता, मी लावत होते. एक लागेना, एक उचलेना. गिरिजा टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावून उभी होती आणि माझ्या ओठांकडे बघत होती, पुढचा शब्द काय येतो ते. मी मुद्दाम नीट, सावकाश बोलत होते. नमस्कार, मी अमुक एजन्सीतून बोलतेय. आमचे सेल्समन तुमच्याकडे आले होते का? मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

एका मसालेवाल्यानं सांगितलं, "अहो मघाशी इथंच होते. चारला ऑर्डर घेतली माझी."

"चारला? नक्की?"

"नक्की म्हणजे? उधारीवरून भांडलो की आम्ही."

मी फोन ठेवला. गिरिजाला काही सांगणार, तोच तो माझ्या हाताखाली वाजला. एवढा मोठ्यानं वाजला की मी दचकून मागे सरकले. सतीश म्हणाला, "उचला."

"हॅलो, सत्या! किती वेळ फोन एंगेज रे तुझा! कुणाशी बोलत बसलास?"

रेवण.

तो पुढे बोलतच होता. "ऐक, जरा घरी निरोप दे. माझा फोन बंद पडलाय. म्हणजे चालू झाला, पण पिन मागतोय सिमचा. मी कधी टाकला पिन? अंदाजानं तीनदा दाबला, आता सगळंच लॉक झालं. महानंदा घाबरली असेल रे. तिचा नंबर... अरे मला तिचा नंबर पाठ नाही. बिलबुकावर फक्त एजन्सीचा छापलाय. एका दुकानातनं अर्धा तास झाला लावतोय."

मी त्याच फोनवर बसले होते, म्हणून त्याला तो लागत नव्हता.

"मीच आहे," मी म्हणाले.

तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "तू तिकडं कशी?"

गिरिजानं माझ्या हातातून फोन घेतला. "अप्पा, पिन मी टाकला होता," ती रडत रडत म्हणाली. "मोबाइलवरच्या पैशाची सुरक्षितता शिकवली होती ना, तेव्हा. माझी जन्मतारीख आहे. तुम्ही झोपला होता."

सतीश आणि फिरदोस एकमेकांकडे बघून हसायला लागले, आणि फिरदोस हसता हसता डोळे पुसत होती.

"आता निघू नका घाईनं," मी फोन घेऊन म्हणाले. "अंधार पडेल. सावकाश या. एस.टी.नं आलात तरी चालेल, गाडी राहू दे तिथे."

"येतो," तो म्हणाला. "येतो म्हणालोय बघ. जातो नाही म्हटलं."

तो येईपर्यंतचे दीड-दोन तास काही सोपे गेले नाहीत. आता तो रस्त्यावर होता, अंधारात, ट्रॉल्यांच्या मागे, आणि वाटेत फोन करू शकत नव्हता. मी गॅलरीत उभी. प्रत्येक मोटरसायकलचा आवाज आधी त्याचा वाटायचा, मग पुढे निघून जायचा. शेवटी एक गाडी खाली थांबली.

अत्ती भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन दारात आधीच उभ्या होत्या. त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेरच अडवलं, तुकडा ओवाळला. पाणी त्याच्या पायांवर टाकणार, तोच मी म्हटलं, "थांबा अत्ती. आधी माझा नंबर सांगू दे त्याला."

"आत तर येऊ दे ग."

"नाही. तिथेच. सांगा."

रेवण धुळीनं भरलेला, हेल्मेट काखेत, ओशाळून उभा. सुरुवातीचे आकडे बरोबर सांगितले, पुढे अडखळला. गिरिजानं आतून सांगितलं. त्यानं म्हटलं. परत चुकला. खालून फिरदोस ओरडली, "उभाच ठेव त्याला! सकाळपर्यंत येईल पाठ!" तिसऱ्या वेळी सगळा नंबर न अडखळता म्हटला, तेव्हा अत्तींनी पाणी ओतलं आणि तो आत आला.

जेवायला बसलो. ताटं वाढली. रेवण एकदोनदा "चुकलंच" म्हणाला, मी "जेवा" म्हणाले. गिरिजा भाकरी कुस्करत होती, खात नव्हती. मध्येच तिनं पाणी मागितलं, तेही बोटानं दाखवून. शब्द काढला नाही. तिची बडबड थांबवायला आम्ही रोज ओरडतो आणि आज ती पाणीसुद्धा बोटानं मागत होती.

माझ्या लक्षात आलं की उद्याही ती अशीच बसेल. तोंड उघडायच्या आधी विचार करेल की याचं काही होणार तर नाही. मला ते ओळखू येतं. मी अशीच आहे.

मी वर बघितलं. पाल ट्यूबलाइटच्या मागे जागच्या जागी होती, शेपटी तेवढी बाहेर. अत्ती समोर. घर सगळं गप्प, कान देऊन बसल्यासारखं.

"अहो," मी म्हणाले. मी ताट बाजूला सरकवलं. "समजा, उद्या तुम्ही नसलात."

अत्तींचा घास हातात राहिला. "महानंदा!"

"नसलात, तर बिरप्पाभाऊंचे ते कागद कुठे आहेत? गाडीचे कुठे आहेत? शेटचा नंबर काय? मला सांगा. आत्ता. गिरिजासमोर."

रेवणचा हात आपोआप मिक्सरच्या दिशेनं गेला, थट्टेनं, पण अर्ध्यातच थांबला. "देवघराच्या मागच्या फळीवर," तो म्हणाला. "डब्यात."

गिरिजाची मान वर गेली होती. ती ट्यूबलाइटकडे बघत होती. मीही बघत होते. पाल हलली, एक वीत पुढे सरकली.

"आणि डब्याची चावी?" मी विचारलं.